शिवशंकर सरांची गोदावरी

"पाथरीत कलेतलं कळणारा एकच माणूस आहे," शिवशंकर सर नेहमी म्हणत, "आणि तो सध्या तुमच्यासमोर उभा आहे!"

हे वाक्य ते शाळेत म्हणत, सलूनमध्ये म्हणत, भाजीच्या गाड्यावर वांगी निवडतानाही म्हणत. सर चित्रकलेचे शिक्षक. आता चित्रकलेच्या तासाला मुलं काय करतात हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. राहिलेलं गणित उतरवून काढतात! पण सरांना त्याची फिकीर नव्हती. मुलांना कळत नाही, हेडमास्तरांना कळत नाही, आणि गावाला तर कशातलंच काही कळत नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. एकदा असं ठरवलं की माणूस फार सुखात राहतो.

घराची पुढची खोली सरांनी रंगांना देऊन टाकली होती. पाहुणा आला की त्याला स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीशेजारी बसावं लागे. सरांचे साडू एकदा चुकून पुढच्या खोलीत ओल्या कॅनव्हासला टेकून बसले, आणि पाठीवर अर्धा पिंपळ घेऊन सेलूला गेले! तेव्हापासून ते यांच्याकडे चहालासुद्धा थांबत नाहीत.

बायको पंकजा. तिनं परभणीला जाऊन ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. खुर्ची सांगून ठेवली होती, आरसा पसंत करून ठेवला होता, फक्त खोली मिळत नव्हती. शेवटी एके दिवशी तिनं पोळपाटावरचं लाटणं बाजूला ठेवलं आणि निकाल लावला.

"अहो, या रविवारी मांडा तुमचं प्रदर्शन. याच खोलीत. पण माझी एक अट आहे. तुम्ही हाताला धरून आणलेला नाही, नात्यातला नाही, असा एक तरी माणूस आपणहून यायला पाहिजे आणि चित्रापुढं चहा संपेपर्यंत उभा राहायला पाहिजे. तसं झालं तर खोली जन्मभर तुमची. नाही झालं तर सोमवारी माझा आरसा लागणार!"

"एक?" सर हसले. "अगं, रांग लागेल रांग! जीपा भरभरून येतील!"

हे शब्द नीट लक्षात ठेवा. सरांच्या आयुष्यात त्यांचं खरं ठरलेलं हे एकमेव भाकीत आहे.

प्रदर्शनासाठी सरांनी विषयही मोठा धरला होता. परदेशातल्या जुन्या चित्रकारांची एक तऱ्हा त्यांनी मोबाईलवर पाहिली होती. एकच नदी घ्यायची. तीच सकाळी काढायची, तीच दुपारी, तीच संध्याकाळी. नदी तिथंच, पण उजेड बदलला की चित्र वेगळं. कडा पुसट, रेघ कुठं नाही, नुसते रंगाचे फटकारे. लांबून बघावं तर पाणी हलतंय असं वाटावं, जवळ जाऊन बघावं तर कुणी ब्रश झटकला असं! "इम्प्रेशनिझम!" सर डोळे मिटून म्हणत. "उघड्यावर, निसर्गापुढं बसून काढायचं असतं हे. घरात बसून नदी काढणारे ते कॅलेंडरवाले!"

त्याप्रमाणे सर गाडीवर स्टूल, छत्री, कॅनव्हास बांधून गोदावरीवर गेले खरे. गेले, बसले, आणि बसले ते नेमके लाल मुंग्यांच्या वारुळाशेजारी! पहिला फटकारा कॅनव्हासवर पडायच्या आत पहिली मुंगी पायजम्यात शिरली. सर उठून नाचत असताना वाऱ्यानं छत्री नेली. ती धरायला धावले, तेवढ्यात एका म्हशीनं येऊन रंगांची पाटी चाटली. शेतातल्या कुणीतरी ओरडून विचारलं, "मास्तर, म्हशीला काय खाऊ घालायलाव?" सर तडक घरी आले आणि पुन्हा त्या दिशेला फिरकले नाहीत.

मग गोदावरी घरातच वाहू लागली! सकाळ ट्यूबलाइटखाली उजाडली, दुपार पिवळ्या बल्बखाली तापली. संध्याकाळ काढायला बसले तर निळा रंग संपलेला. परभणीहून मागवायला वेळ नव्हता. सरांनी इकडं-तिकडं पाहिलं, देवघराच्या फळीवरचा गेरूचा डबा उचलला, त्यात जवसाचं तेल कालवलं, आणि सगळी नदी लालभडक करून टाकली. तुळशीवृंदावन सारवायला आणलेला गेरू होता तो. पंकजानं डबा हरवला म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. सर तिच्याबरोबर फळ्यांखाली वाकून तो शोधतही होते. कलावंताला एवढा अभिनय यावाच लागतो!

आता नदीकाठची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल. पोळा होऊन गेला होता आणि पावसानं दडी मारली होती. ऊस, कापूस माना टाकायला लागले म्हणून काठच्या लोकांनी नदीत पाणी उपसायच्या मोटारी सोडल्या होत्या. त्याच वेळी वरचं धरण मात्र भरत आलं होतं, आणि आज पाणी सुटणार, उद्या सुटणार, असं रोज कुणी ना कुणी सांगे. पाणी सुटलं की आधी मोटार बाहेर काढायची. जो काढत नाही त्याची मोटार परत दिसत नाही. म्हणून काठावरची माणसं पाण्याच्या रंगावर डोळा ठेवून असतात. निवळ पाणी म्हणजे निवांत. गढूळ झालं म्हणजे वर कुठंतरी पाऊस. आणि लाल पाणी आलं की मागून लोंढा आलाच म्हणून समजायचं. मग विचार करायचा नाही, मोटारीला दोर बांधायचा!

शनिवारी सरांनी जाहिरातीचा श्रीगणेशा केला. सकाळी पहिल्या चित्राचा फोटो मोबाईलवरून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गोदामाई. सकाळ." मोबाईलच्या भिंगाला सरांच्याच बोटाचा तेलकट रंग लागलेला. आधीच पुसट असलेलं चित्र आणखी पुसट झालं आणि पावसात उभं राहून घाईनं काढलेल्या फोटोसारखं दिसू लागलं.

पंकजा डोकावून म्हणाली, "अहो, चित्र आहे म्हणून लिहा की खाली. आणि उद्या प्रदर्शन आहे म्हणून लिहा."

"चित्र आहे हे ज्याला सांगावं लागतं," सर कडाडले, "त्याच्यासाठी मी चित्र काढत नाही! तिन्ही टाकून होऊ देत, मग लिहितो पत्ता."

दुपारी दुसरा फोटो. "गोदामाई. दुपार." पाणी पिवळं, गढूळ. चार वाजता सरांना दम निघेना, म्हणून उन्हं कलायच्या आतच तिसरा. "गोदामाई. संध्याकाळ." पाणी लाल! मग पत्ता लिहायचा म्हणून चष्मा शोधायला गेले, तो सापडेना, आणि चष्मा शोधता शोधता डुलकी लागली.

गल्लीत समोर रामहरी राहतो. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपात तो आहे. हातात आलेली गोष्ट पुढं ढकलल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. ती वाचावी असं मात्र त्याला कधी वाटलेलं नाही! शिवाय नुसता फोटो पाठवला तर लोक "कुठला, कुठला" म्हणून डोकं खातात, म्हणून तो दर वेळी पदरचं काहीतरी जोडून देतो. त्या दिवशी एका हातानं युरियाचं पोतं धरून, दुसऱ्या हातानं त्यानं तिन्ही फोटो गोदाकाठच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर ढकलले, आणि जोडलं, "पुलाच्या वरच्या अंगाला. आजचे."

झालं! सकाळी निवळ, दुपारी गढूळ, संध्याकाळी लाल! सरांनी उजेड बदलला होता, आणि काठावर पूर आला!

काठच्या गावात पारूबाईचा शब्द चाले. पंधरा एकर रान, दोन मोटारी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठाची माणसं कामं थांबवून ऐकत. चाळीस वर्षं नदी बघितल्याचा तिला भारी गर्व. तिनं फोटो पाहिले आणि चष्म्याची काडी कानाला अडकवत घोषणा केली, "लाल पाणी हाय! काडा मोटारी!"

वैजीनाथ नावाचा तिचा शेजारी जरा विचारी होता. तो नदीवर जाऊन आला. "पारूआक्का, आपल्याकडं तर पाणी निवळ हाय की वं."

"आरं येड्या, निवळ हाय म्हंजी अजून आलं न्हाई!" पारूबाई म्हणाली. "आलं न्हाई म्हंजी यायलंय!"

याच्यापुढं कोण बोलणार? दिवेलागणीपर्यंत सगळ्या काठानं मोटारी ओढल्या. चिखलात उतरून, खांद्यावर दोर घेऊन, एकमेकांना शिव्या घालत ओढल्या. पाईप सोडवले, केबली गुंडाळल्या. एकानं घाईत शेजाऱ्याचीच मोटार काढली आणि आपली आत ठेवली. वैजीनाथच्या घरच्यांनी तर कोंबड्यासुद्धा माळ्यावर चढवल्या! मग सगळा गाव उंचावर बसून लोंढ्याची वाट बघू लागला. तिकडं सरांना चष्मा सापडला, पण तोवर ते पत्ता लिहायचं विसरून गेले होते.

रविवार उजाडला. गोदावरी आपली नेहमीसारखी शहाण्या बाईगत मंद वाहत होती. आणि पाथरीत शिवशंकर सर खादीचा झब्बा घालून, दारात रांगोळी काढून, ताटात पेढे आणि गुलाबाची फुलं घेऊन उभे होते. मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडलेल्या. आत भिंतीवर तीन गोदावऱ्या.

नऊ वाजले. कुणी नाही. दहा वाजले. एक माणूस आला, पण त्याला बाजूच्या गिरणीत जायचं होतं. पंकजा शांतपणे टेप घेऊन आली आणि आरशासाठी भिंत मोजू लागली.

"जरा थांब की," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. "रसिक लोक सावकाश उठतात."

त्यांचं तोंड पार उतरलं होतं. इतकी वर्षं गावाला तुच्छ मानलं, पण त्या गावानं येऊन एकदा बघावं म्हणून जीव किती तळमळतो हे त्यांना त्या रिकाम्या खुर्च्यांपुढं कळत होतं. त्यांना ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून ते पेढ्यांवरच्या माश्या हाकत राहिले.

तेवढ्यात गल्लीत धूळ उठली. एक ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ट्रॉलीत माणसं! त्यामागं दोन काळ्या-पिवळ्या जीपा, टपावरसुद्धा माणसं! सगळी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोळे लाल, आणि पुढं पारूबाई.

"पंकजा!" सर किंचाळले. "रांग! जीपा!"

ते फूल घेऊन धावत पुढं झाले. पारूबाईनं फूल घेतलं, बघितलं आणि टाकून दिलं.

"काल गोदामाईचं लाल पाणी टाकणारा कोन हाय? त्या खतवाल्यानं ह्याच घराकडं बोट दावलंय!"

"मीच तो!" सरांनी छाती पुढं काढली. "या, आत या! बदलता उजेड नुसता बघून चालत नाही, तो पकडावा लागतो!"

"आधी तुमाला पकडतो!" मागून कुणीतरी ओरडलं. गलका करत सगळा गाव खोलीत घुसला. आणि घुसला तो जागच्या जागी थांबला.

समोर भिंतीवर कालचे तिन्ही फोटो टांगलेले. मोठाले. पण ते फोटो नव्हते.

"आरं..." वैजीनाथ म्हणाला, "हे तर हातानं काडलेलं हाय!"

रात्रभर जागलेली ती चाळीस-पन्नास माणसं तोंड उघडं टाकून चित्रांकडं बघत राहिली. एकजण पुढं गेला, मागं आला, परत पुढं गेला. दुसऱ्यानं डोळे बारीक केले. "लांबून पानी हलायलंय बगा," तो कुजबुजला. सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पंकजाकडं पाहिलं. पंकजानं टेप गुंडाळायला सुरुवात केली. खोली वाचत आली होती! एक चहा संपेपर्यंत ही माणसं अशीच उभी राहिली असती तर सर त्याच खोलीत चित्रं काढत म्हातारे झाले असते.

पण वैजीनाथला तोंड फुटलं. "आक्का, आपण चित्राला घाबरून मोटारी काडल्या व्हय?"

सगळा गाव पारूबाईकडं वळला. काही लोक हसू दाबायला लागले. चाळीस वर्षांचा गर्व पणाला लागला, तशी पारूबाई उसळली.

"चित्र असू दे न्हाईतर फोटो! पाण्याचा रंग मला चुकवत न्हाई! असा रंग कुणाला मनानं काडता येत न्हाई. मास्तरांनी हे बघूनच काडलंय. बघितलंय म्हंजी वर लाल पाणी हाय. मोटारी भायरच ऱ्हाऊ द्या!"

"आन ऊस वाळून गेला तर?"

"इच्यारा मास्तरांना! सांगा वं मास्तर, बघून काडलंय का न बघता?"

आता आली का पंचाईत! बघून काढलं म्हणावं तर मोटारी बाहेर राहणार, ऊस वाळणार, आणि मग हीच ट्रॉली परत दारात येणार. न बघता काढलं म्हणावं तर पाथरीत कलेतलं कळणारा एकमेव माणूस कॅलेंडरवाला ठरणार, तोही बायकोसमोर! सरांनी घसा खाकरला. पेढ्याचं ताट पुढं केलं. कुणी घेतला नाही.

"बघितलं," सर म्हणाले. "म्हणजे... मनाच्या डोळ्यांनी."

"ते ऱ्हाऊ द्या. ह्या डोळ्यांनी बघितलं का?"

"तसं... गेलो होतो मी नदीवर..."

"आवं, ते मुंग्या चावल्यालं मास्तर हेच की!" मागून एकजण ओरडला. "माज्या म्हशीला रंग चाटवला यानं! घटकाभर बी थांबलं न्हाई तिथं!"

पुढच्यांना मागचा बघायचा होता, मागच्यांना पुढं यायचं होतं. रेटारेटीत कुणाचा तरी पाय टेबलाला लागला, आणि टेबलाखालून एक डबा घरंगळत घरंगळत आला तो थेट पंकजाच्या पायाशी थांबला. पंकजानं तो उचलला. आत बोटभर लाल थर, त्यात रुतलेला ब्रश. तिनं डब्याकडं पाहिलं, मग संध्याकाळच्या गोदावरीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"हा माझा गेरूचा डबा आहे!" ती म्हणाली. "तुळशीचा! अहो, माझ्याबरोबर फळ्यांखाली वाकून शोधत होतात की हो तुम्ही!"

"गेरू?" वैजीनाथ म्हणाला. "आक्का, गेरू! आपल्या वट्ट्याला लावतो त्यो!"

मग जो हशा पिकला तो तीन गल्ल्या पलीकडं ऐकू गेला. पारूबाईचं तोंड मात्र चित्रातल्या पाण्यापेक्षा लाल झालं. तिला हसणाऱ्या गावाचं काही करता येईना, म्हणून तिनं सरांचा दंड धरला.

"चला मास्तर. मोटारी बसवायला!"

"मी? अहो, मी कलावंत..."

"आमी बी काल लय कलाकारी केली चिखलात. चला!"

खादीच्या झब्ब्यासकट सर ट्रॉलीत चढवले गेले. गावानं जाताना पेढ्याचं ताट मात्र आठवणीनं उचललं.

तो उरलेला सगळा दिवस शिवशंकर सरांनी गोदावरीत काढला, कमरेइतक्या गाळात, खांद्यावर पाईप घेऊन. खरं सांगायचं तर ज्याच्यासाठी ते जन्मभर बोलत आले ते सगळं त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात होतं. पोचले तेव्हा पाणी काचेसारखं चमकत होतं, भर दुपारी ते चांदीच्या पत्र्यासारखं तापलं, उन्हं कलली तसा एकेक रंग वर येत गेला. पण दर वेळी सरांनी मान वर केली की पारूबाई ओरडे, "मास्तर, पाईप धरा!" आणि मान खाली जाई. शेवटची मोटार बसली तेव्हा सूर्य बुडत होता.

"मास्तर, बगा की," वैजीनाथ मायेनं म्हणाला. "काय रंग पडलाय! लाल न्हाई बरं का, जांभळा हाय!"

"मला घरी सोडा," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चिखल गेला होता.

घरी आले तर पुढच्या खोलीत आरसा लागलेला. रंगांचे डबे माळ्यावर. "सोमवार तरी उजाडू द्यायचा होतास!" सर दारातूनच रडकुंडीला आले. "आणि पंकजा, अट मी जिंकलो होतो! माणसं आली होती की नाही? आपणहून? जीपा भरून?"

"आली होती," पंकजा म्हणाली, "आणि तुम्हालाच घेऊन गेली. पाय धुऊन आत या."

पार्लर जोरात सुरू झालं. एका भिंतीला ओल आली होती, ती झाकायला पंकजानं लाल गोदावरी तिथंच राहू दिली. सरांना तेवढाच आधार होता. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ते कान देऊन असत, कुणी चित्राबद्दल बोलतंय का म्हणून. बोलत कुणी नव्हतं.

मग एके दुपारी काठाकडची एक बाई भुवया कोरून घ्यायला आली. खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मध्येच तिनं डोळे उघडले, आरशात मागच्या भिंतीवरची लाल गोदावरी पाहिली, आणि दोरा तसाच तोंडावर सोडून ताडकन उठली.

"आवं," ती फोनवर ओरडली, "आदी मोटार काडा! इथं टीव्हीत दाखवायलेत, लाल पाणी आलंय!"

आत सरांच्या हातातली सुरी थांबली. छाती अशी काही फुगली की बनियन ताणला गेला. इतकी खरीखुरी दाद पाथरीत कुणाला मिळाली आहे का? ते आणखी ऐकायला दाराशी आले.

"अहो!" पंकजा गरजली. "परत ट्रॉली यायची दारात! या बाहेर, आणि मिटवा हे एकदाचं!"

सर मुकाट्यानं बाहेर आले. गिऱ्हाइकाची माफी मागितली. मग माळ्यावरून डबा काढला, उरलेल्या गेरूत बोट बुडवलं, आणि ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी कधीही चित्र न काढणाऱ्या शिवशंकर सरांनी गोदावरीच्या खाली भिंतीवर, पहिलीच्या पोरालाही वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

"हे चित्र आहे."